डॉ. कोटणीस : पहिली ओळ कोणती?

सोलापूरच्या माणसाला डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव नव्याने सांगावे लागत नाही. त्यांच्या स्मारकावरून आपण कितीदा तरी जातो. मीही जात होतो. परंतु रुग्णालयातील नोंदींना रोगांचे संकेतांक देण्याचे काम शिकू लागलो आणि हे परिचित चरित्र मला निराळेच दिसू लागले.

या कामात संकेतांक नुसते पाठ असून भागत नाही; क्रम चुकला की नोंद चुकते. तपासणीअंती ज्या आजारासाठी रुग्णाला दाखल करावे लागले असे ठरते, तो पहिला, बाकीचे मागून. मृत्यूच्या दाखल्यात वरच्या ओळीवर प्रत्यक्ष मृत्यू घडविणारे कारण, त्याखाली त्याचे कारण आणि तळाशी, जिथून साखळी सुरू झाली ते मूळ.

डॉ. कोटणिसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयात झाले. १९३७ साली जपानने चीनवर स्वारी केली. पुढच्याच वर्षी काँग्रेसने तिकडे वैद्यकीय पथक पाठविले. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस असे पाच डॉक्टर त्यात होते. चीनमध्ये असताना वडील गेल्याची बातमी आली. तरी ते परतले नाहीत. १९३९ मध्ये येनानला पोहोचले आणि पुढे उत्तर चीनच्या डोंगराळ रणभूमीवर जखमींवर शस्त्रक्रिया करीत राहिले.

त्याच प्रदेशात कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांनी काम केले होते. शस्त्रक्रिया करताना त्यांचे बोट कापले, जखम चिघळली, रक्तात विष भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते वारले. आमच्या दाखल्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला सापडले नाही : वर रक्तदोष, तळाशी बोटाची जखम. केवळ रक्तदोष लिहिला, तर तो कुठून आला हे कुणाला कळणार नाही. त्यांच्याच नावाच्या शांती रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ मध्ये कोटणिसांकडे आले. त्याच वर्षी तेथील परिचारिका कुओ चिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी डॉक्टरांचे निधन झाले. वय अवघे ३२.

आता दाखला कसा भरावा? झटके आधीपासून येत होते, तरी काम थांबले नव्हते. माझे मन म्हणते, तळाच्या ओळीवर अतिश्रम लिही, युद्ध लिही. आपण भाषणांत तसेच म्हणतो. पण श्रमांनी अपस्मार झाला, असे म्हणण्यास मजजवळ पुरावा नाही. ज्या माणसाने शेकडो जखमा पारखल्या, त्याच्या दाखल्यात भावनेपोटी खोटी ओळ घालणे मला पटत नाही. तिथे अपस्मारच लिहावा.

मित्रहो, दाखला मृत्यूचे कारण विचारतो, चरित्र जगण्याचे. आपण मात्र कोटणिसांची ओळख बहुधा त्यांच्या मरणापासून सुरू करतो. तो क्रम चुकीचा आहे. परतीची वाट मोकळी असताना ते राहिले, ही त्यांच्या चरित्राची पहिली ओळ, अपस्मार त्यानंतरची.