रेनॉल्ड जॉन्सन : डिस्क घडवणारे शिक्षक

बँकेत खातेक्रमांक सांगितला की क्षणात शिल्लक दिसते. बँकेचा मोठा संगणक, म्हणजे मेनफ्रेम, ती माहिती लांब ठेवलेल्या साठ्यातून शोधून आणतो. या सोयीची सुरुवात एका हायस्कूल शिक्षकाने केली, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

रेनॉल्ड जॉन्सन यांचा जन्म १६ जुलै १९०६ रोजी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात झाला. लहानपणी स्वारी भारी खोडकर! बहिणींना भेटायला येणाऱ्या मुलांच्या गाड्यांच्या स्पार्क प्लगवर ते पेन्सिलीने रेघा ओढून ठेवत. मग गाडी काही सुरू होत नसे. कारण पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते.

पुढे मिशिगनमध्ये विज्ञान शिकवताना हीच गोष्ट त्यांच्या कामी आली. विद्यार्थ्याने पेन्सिलीने खूण करायची आणि यंत्राने विजेच्या मदतीने गुण मोजायचे, असे यंत्र त्यांनी बनवले. १९३४ मध्ये आयबीएम कंपनीने त्यांना बोलावून घेतले.

१९५२ मध्ये कंपनीने त्यांना कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे नवी प्रयोगशाळा उभारायला पाठवले. तेव्हा माहिती छिद्रांच्या कार्डांवर किंवा चुंबकीय फितीवर असे. कॅसेटवरचं पाचवं गाणं ऐकायला आधीची चार सरकवावी लागत ना, तसंच ते. जॉन्सन यांच्या गटाने १९५६ मध्ये रॅमॅक ही डिस्क यंत्रणा आणली. दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, वजन सुमारे एक टन आणि साठा फक्त ५० लाख अक्षरांचा! पण कोणती तबकडी, कोणता वर्तुळमार्ग, कोणता भाग, एवढा पत्ता दिला की थेट तिथेच पोहोचता येई.

पुढे डिस्क संगणकापासून दूर गेल्या, दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या शहरातही. मध्ये ड्रायव्हर नावाचे छोटे प्रोग्राम आले. संगणकाची मागणी डिस्कला कळेल अशा आज्ञेत बदलणे, उत्तर परत आणणे आणि चूक झाली तर कळवणे, हे त्यांचं काम. पत्ता सांगा आणि थेट माहिती मिळवा, हे तत्त्व मात्र तेच राहिलं.

जॉन्सन यांच्या नावावर ९० हून अधिक पेटंट होती. १९८६ मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. १५ सप्टेंबर १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.

म्हणून एक विनंती. मूल खोडी करताना सापडलं तर रागवा जरूर, पण हे तुला सुचलं कसं, तेही विचारा.