निबंधमालेचे शास्त्रीबुवा

निबंध म्हटला की आम्हां विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे येतात ते ट्यूटोरियलचे फुलस्केप कागद आणि सरांनी दिलेली शेवटची तारीख. पण कुणी न सांगता महिन्यामागून महिने निबंध लिहून छापणारा एक पुरुष पुण्यात होऊन गेला. ते विष्णुशास्त्री चिपळूणकर. यंदा मराठीच्या ट्यूटोरियलसाठी मी त्यांचाच विषय घेतला.

त्यांचा जन्म 20 मे 1850 चा. वडील कृष्णशास्त्री नामांकित विद्वान. घरात ग्रंथ होते. 'शाळापत्रका'त लिहिता लिहिता मुलाचा हात बसला. 1872 साली ते बी. ए. झाले व पुढे सरकारी शाळेत शिक्षक. जानेवारी 1874 मध्ये त्यांनी 'निबंधमाला' सुरू केली. एकूण 84 अंक निघाले; मजकूर बहुतेक एकहाती. मराठी भाषेची स्थिती, इतिहास, वक्तृत्व, डॉ. जॉन्सन असे नाना विषय. इंग्रजी शिकलेल्या पुष्कळांना मराठीत लिहिण्यात कमीपणा वाटे, त्या काळात हे घडले.

पुढे रत्नागिरीस बदली झाली. 1879 साली त्यांनी नोकरी सोडली, 1 जानेवारी 1880 रोजी टिळकांसह न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि 1881 साली 'केसरी' निघाला. 17 मार्च 1882 रोजी ते वारले. वयाची 32 वर्षेही पुरी झाली नव्हती.

इथवर लिहून माझी लेखणी अडली. याच मालेत शास्त्रीबुवांनी जोतीराव फुल्यांवर कडाडून टीका केली, त्यांच्या मराठीच्या अशुद्धपणाची थट्टा केली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. हे प्रकरण गाळून नुसता गौरव करावा, की रागाने सारी मालाच दूर सारावी?

मी दोन्ही केले नाही. मुद्दा कसा मांडावा व तडीस न्यावा, हे शास्त्रीबुवांकडून घेतले आणि त्याच रीतीने त्यांना उत्तर लिहिले. ते वारले त्याच 1882 साली जोतीरावांनी हंटर आयोगापुढे निवेदन देऊन बहुजनांच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण मागितले. त्या मागणीचे मोल व्याकरणाच्या चुका मोजून ठरत नाही.

म्हणून गावाकडची बोली घेऊन वर्गात बसणाऱ्या मित्रांनो, लाल शाईच्या भीतीने कागद कोरा ठेवू नका. शुद्धलेखन आपण शिकूच. पण तोवर लिहायचे थांबू नये.