संडास साफ करू द्या म्हणून तुरुंगात उपोषण करणारा प्राध्यापक, ज्याने कणकवलीत मैल्याचं खत केलं

साल १९३२. रत्नागिरीच्या तुरुंगात एक राजकीय कैदी उपोषणाला बसला होता. कैदी उपोषण करतात ते चांगलं जेवण मिळावं म्हणून, पुस्तकं मिळावीत म्हणून, सुटका व्हावी म्हणून. या कैद्याची मागणी ऐकून तुरुंगाचे अधिकारी चक्रावले. त्याला तुरुंगातले संडास साफ करायचे होते.

अडचण एकच होती. कैदी ब्राह्मण होता आणि तुरुंगात काम जातीनुसार वाटलं जायचं. मैला उचलायचा तो ठराविक जातीच्या कैद्यांनीच. बाकीच्यांनी मागितलं तरी ते काम मिळायचं नाही.

ही बातमी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींपर्यंत पोहोचली. ३ डिसेंबर १९३२ ला या कैद्याला पाठिंबा म्हणून त्यांनीही उपोषण सुरू केलं. पुणे कराराला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते, त्यामुळे सरकारला घाम फुटला. विचार करू असं आश्वासन मिळालं आणि दुसऱ्या दिवशी गांधीजींनी उपोषण सोडलं.

तो कैदी म्हणजे सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन. कोकण त्यांना अप्पासाहेब पटवर्धन म्हणून ओळखतं. त्यांना कोकणचे गांधी असंही म्हणतात, पण या उपाधीने त्यांचं थोडं नुकसानच केलंय. गांधी म्हटलं की डोळ्यासमोर पंचा आणि चरखा येतो. अप्पांनी डोकं चालवलं ते मात्र संडासाच्या डिझाईनवर.

जन्म १८९४ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. पुण्यात शिक्षण, तत्त्वज्ञान विषय घेऊन एम.ए., मग तिथेच प्राध्यापकी. त्या काळात एवढं झालं की आयुष्याची सोय लागायची. अप्पांनी नोकरी सोडली आणि गांधीजींकडे साबरमतीला गेले. गांधीजींची आत्मकथा मराठीत आली तीही त्यांच्यामुळेच. १९३० मध्ये वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, त्यातही अप्पा होते.

पण तुरुंग, सत्याग्रह हे अनेकांनी केलं. अप्पा वेगळे ठरतात ते त्यांनी हातात घेतलेल्या प्रश्नामुळे.

तेव्हा शहरात आणि मोठ्या गावांत टोपलीचे संडास असायचे. वर बसायची जागा, खाली टोपली किंवा डबा, मागच्या बाजूला छोटं दार. रोज एक माणूस त्या दाराशी यायचा, टोपली उपसायचा आणि मैला डोक्यावरून वाहून न्यायचा. हा माणूस कोणत्या जातीचा असणार हे जन्माआधीच ठरलेलं. खेड्यात तर संडासच नव्हते. पाणंद, माळ, व्हाळाची कड हीच सोय. कोकणात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस. उघड्यावरची घाण पावसाबरोबर व्हाळात आणि विहिरीत जाणार. अनवाणी चालणाऱ्यांच्या तळपायातून जंत शरीरात शिरणार ते वेगळंच.

यावर दोन उत्तरं तयार होती. पहिलं भाषणाचं, म्हणजे अस्पृश्यता पाप आहे हे लोकांना सांगत राहायचं. दुसरं फ्लशच्या संडासाचं. पण फ्लशला पाणी लागतं, सेप्टिक टँकला सिमेंट आणि पैसा लागतो. कोकणातल्या कुळाच्या घरी यातलं काहीच नव्हतं.

अप्पांनी तिसरी वाट धरली. जोपर्यंत संडासाची रचनाच अशी आहे की कुणालातरी ताजा मैला हाताळावाच लागतो, तोपर्यंत ते काम कुणाच्या तरी जातीवर ढकललं जाणार. म्हणजे रचना बदलायला हवी. आजच्या भाषेत प्रॉडक्टच चुकीचं होतं.

त्यासाठी त्यांना जागा मिळाली कणकवलीजवळच्या वागद्यात. ५ मे १९४८ ला तिथे गोपुरी आश्रम सुरू झाला. नाव आश्रम असलं तरी कारभार प्रयोगशाळेसारखा. मैला, शेण, मेलेली गुरं, म्हणजे गाव ज्याच्याकडे नाक दाबून बघतं ते सगळं इथला कच्चा माल.

गोपुरीच्या संडासामागचं विज्ञान तसं सोपं आहे. मैल्यावर पाणी न ओतता माती, राख किंवा पातेरा टाकायचा. माशी बसत नाही, वास येत नाही. मैल्यात नायट्रोजन भरपूर, सुक्या पाल्यात कार्बन भरपूर. दोन्ही एकत्र आले की जिवाणू कामाला लागतात आणि कंपोस्ट तयार होतं. मात्र त्याला वेळ द्यावा लागतो, कारण जंतांची अंडी चिवट असतात. म्हणून जागा दोन. एक भरली की बंद करून ठेवायची आणि दुसरी वापरायची. दुसरी भरेपर्यंत पहिलीतल्या मैल्याची काळी भुसभुशीत माती झालेली असते. ती घरातला कुणीही फावड्याने काढून माडाच्या आळ्यात टाकू शकतो. या खताला नाव आहे सोनखत.

यात डोक्यावर टोपली घेऊन येणारा माणूसच उरत नाही. शिवाय शेतकऱ्याला फुकटात खत मिळतं. माणसाचं मन बदलायची वाट न बघता त्याला फायदा दाखवायचा, हे अप्पांना बरोबर कळलं होतं.

पुढे मैल्यापासून गॅस करायच्या प्रयोगांतही ते शिरले. देहूचे डॉ. सुहास मापुसकर यांनी गावातले संडास आणि बायोगॅसचं मोठं काम उभं केलं, त्यांना अप्पांचं मार्गदर्शन मिळालं होतं. मापुसकरांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली.

दुसरा उद्योग आणखी अवघड होता, मेलेल्या गुरांचा. ढोर मेलं की ओढून न्यायचं काम गावाने महारांवर लादलेलं. १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावरांचं मांस सोडा असं सांगितलं आणि पुढे अनेकांनी ढोरं ओढायचंही नाकारलं. अप्पांनी ते काम स्वतः करायला घेतलं. गुरं सोलणं, कातडं कमावणं, सगळं. ब्राह्मणाच्या घरातला एम.ए. झालेला माणूस सुरी घेऊन मेलेली गाय सोलतो, हे त्या काळच्या कोकणाला पचणं कठीण होतं. अप्पा त्याकडे उद्योग म्हणून बघत होते. कातड्याची पादत्राणं होतात, हाडांचं खत होतं, मग ते पुरून वाया का घालवायचं?

इथे एक आक्षेप घ्यायला हवा आणि तो खरा आहे. ज्यांच्यावर हे काम पिढ्यान्‌पिढ्या लादलं गेलं, त्यांच्यासाठी त्यातून सुटणं हाच प्रश्न होता. वरच्या जातीतल्या माणसाने ते स्वेच्छेने केलं तर ते त्याचं व्रत ठरतं, दुसऱ्याने केलं तर त्याची जात ठरते. हा फरक अप्पांच्या झाडू हातात घेण्याने मिटत नाही. पण त्यांना ते काम पवित्र ठरवून चालू ठेवायचं नव्हतं. दोन खणांचा संडास हा ते काम बंद करायचाच मार्ग होता.

अप्पासाहेबांनी माझी जीवनयात्रा नावाने आत्मचरित्र लिहिलं. १० मार्च १९७१ ला ते गेले. त्यांच्या कणकवलीचा समावेश असलेला सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये झाला, म्हणजे त्यानंतर दहा वर्षांनी. २०१६ च्या केंद्र सरकारच्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात सपाट भागातल्या जिल्ह्यांमध्ये सिंधुदुर्ग देशात पहिला आला. स्वच्छ भारत मोहिमेत सरकारने गावोगाव ज्या संडासाचा प्रचार केला, त्यात दोन खड्डे असतात. एक भरला की दुसरा वापरायचा.

टोपलीच्या संडासांवर बंदी घालणारा कायदा देशात १९९३ मध्ये आला, म्हणजे अप्पा गेल्यानंतर बावीस वर्षांनी. तो पुरला नाही म्हणून २०१३ मध्ये दुसरा आणावा लागला. टोपल्या कमी झाल्या, पण शहरातल्या गटारांत आणि सेप्टिक टँकमध्ये सफाईसाठी उतरून गुदमरून मेलेल्या माणसांच्या बातम्या अजून येतात.