तर्क चुकला, शिकवण्याची रीत टिकली

डॉ. सॅम्युअल ऑर्टन हे मुळात मेंदूच्या विकारांचे अभ्यासक. जन्म १८७९ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. पुढे ते आयोवा राज्याच्या मनोरुग्णालयाचे संचालक झाले. १९२५ मध्ये ते फिरते पथक घेऊन ग्रीन काउंटीत गेले आणि अभ्यासात मागे पडणारी मुले पाठवा, असे त्यांनी शिक्षकांना सांगितले. त्यांत सोळा वर्षांचा एक मुलगा होता. बुद्ध्यंक ७१, म्हणजे कागदोपत्री ‘मंद’. पण यंत्रांविषयी विचारले, की गडी नेमके उत्तर देई. फक्त वाचता येत नव्हते. चूक मुलाची नसून चाचणीची आहे, हे ऑर्टननी ओळखले.

अशी मुले अक्षरे उलटी वाचतात, इंग्रजी ‘बी’च्या जागी ‘डी’ म्हणतात, हे त्यांनी पाहिले. मेंदूच्या दोन अर्धांपैकी एकाचे वर्चस्व पक्के न झाल्याने हा घोळ होतो, असा त्यांचा तर्क होता. तो पुढे टिकला नाही. मुख्य अडचण शब्दातले ध्वनी सुटे करून ते अक्षरांशी जोडण्यात असते, असे आज मानले जाते. (पाच-सहा वर्षांचे मूल अधूनमधून अक्षर उलटे काढते, तेवढ्यावरून घाबरू नये.)

उपाय मात्र टिकला. त्या काळी शाळांत अख्खा शब्द चित्रासारखा पाठ करून घेत. या मुलांना ते घातक आहे, असे ऑर्टननी १९२९ मध्ये लिहिले. त्यांची रीत वेगळी होती: अक्षर पाहायचे, त्याचा ध्वनी ऐकायचा, मोठ्याने म्हणायचा आणि त्याच वेळी हाताने गिरवायचा, एकेक ध्वनी पक्का झाला, की मग जोडणी. न्यूयॉर्कमध्ये अ‍ॅना गिलिंगहॅम या शिक्षिकेने बेसी स्टिलमन यांच्यासह या रीतीचे शिक्षकांसाठी पायरीपायरीचे पुस्तक केले. डॉक्टरांचे विचार वर्गात पोचले ते या दोघींमुळे. श्रेय मात्र बरेचदा एकट्या ऑर्टनना मिळते.

१९४८ मध्ये ऑर्टन गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने सुरू झालेली संस्था आज आंतरराष्ट्रीय डिस्लेक्सिया असोसिएशन म्हणून ओळखली जाते.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेची नोंद आहे. प्रमाणपत्र मिळाले, की परीक्षेत जादा वेळ मिळू शकतो. वाचायला मात्र कोणीतरी शिकवावेच लागते. रेमेडियल शिक्षक शोधताना पालकांनी विचारावे: ध्वनीपासून सुरुवात करता का? मूल स्वतः म्हणते आणि लिहिते का? आठवड्यातून किती वेळा, आणि प्रगती कशी मोजता?