केंद्रक वाचणारा डॉक्टर

दवनीवाडा असो की गोंदिया, पानठेल्यावर पन्नीत खर्रा घोटताना तुम्ही रोजच पाहता. कदाचित तुमच्याही खिशात एखादी पुडी असेल. मग डॉ. वसंत रामजी खानोलकर हे नाव तुम्हाला माहीत असायलाच हवं.

१३ एप्रिल १८९५ ला जन्मलेल्या खानोलकरांनी लंडनमध्ये पॅथॉलॉजीत एम.डी. केलं आणि मुंबईत येऊन मेडिकलच्या विद्यार्थ्यांना शिकवलं. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं, तिथली प्रयोगशाळा त्यांनी उभी केली.

पॅथॉलॉजिस्ट नेमकं करतो काय? गाठीचा छोटा तुकडा घेतो, त्याचे पातळ काप रंगवतो आणि मायक्रोस्कोपखाली पेशीचं केंद्रक बघतो. निरोगी पेशींची केंद्रकं साधारण एकसारखी दिसतात. कॅन्सरमध्ये ती फुगतात, वेडीवाकडी होतात, गडद दिसतात आणि पेशीतली जास्त जागा व्यापतात. हा बिघाड किती, यावरून गाठ किती घातक याचा अंदाज येतो. आज कॉम्प्युटर केंद्रकाचं क्षेत्रफळ अन् परीघ मोजून देतो. तेव्हा मात्र सगळी भिस्त डॉक्टरच्या नजरेवर होती.

पण खानोलकर काचेपाशी थांबले नाहीत. हा कॅन्सर याच जागी का झाला, हे त्यांनी माणसांच्या सवयींत शोधलं. १९४५ मध्ये बी. सूर्याबाईंसोबत त्यांनी शोधनिबंध लिहिला. धोतर वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट बांधल्याने कमरेवर होणारा कॅन्सर, पेटतं टोक तोंडात धरून चुट्टा ओढल्याने टाळूला होणारा कॅन्सर, असे प्रकार त्यात आहेत. तोंडाचा कॅन्सर आणि तंबाखू चघळणं यांचं नातंही त्यांनी ठामपणे मांडलं.

१९५२ मध्ये ते भारतीय कॅन्सर संशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले. कमल रणदिवेंसारख्या संशोधक त्यांच्या हाताखाली घडल्या. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, त्यांना पद्मभूषणही मिळालं. २९ ऑक्टोबर १९७८ ला ते गेले.

आता जरा आरशासमोर उभे राहा. तोंड पूर्ण उघडतंय का? गालात आतून पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का? असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ डॉक्टरांना दाखवा. केंद्रकं बिघडायला वर्षं लागतात आणि सुरुवातीला काहीच दुखत नाही. खर्रा सोडायला हाच तर वेळ असतो.