विद्यानगरींचे वास्तुकार अच्युत कानविंदे

पत्रादेवीचा नाका ओलांडून सावंतवाडी, कुडाळ मागे टाकीत मालवण गाठावे आणि तेथून किनाऱ्याच्या वाटेने थोडे उत्तरेस जावे, की आचरे लागते. गोमंतकीयांना हे गाव ठाऊक आहे ते श्रीदेव रामेश्वरामुळे आणि गावपळणीमुळे. दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल होतो आणि अवघे गाव गुराढोरांसह वेशीबाहेर जाते. माळावर झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहतात आणि तीन दिवस साऱ्यांचा संसार उघड्यावर, एकमेकांच्या शेजारी मांडला जातो. घर म्हणजे नेमके काय आणि शेजार म्हणजे काय, याचा असा सामुदायिक धडा क्वचितच कोणत्या गावाला मिळत असेल. स्वतंत्र भारतातील विद्यार्थी कोठे राहील, कोठून चालत वर्गात जाईल आणि कोणत्या सावलीत उभा राहून मित्राशी वाद घालील, याचा विचार पहिल्यांदा शिस्तीने करणारा वास्तुकार याच गावात जन्मला, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

अच्युत पुरुषोत्तम कानविंदे यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९१६ चा. आईचे छत्र अगदी लहानपणीच हरपले. वडील चित्रकार आणि कलाशिक्षक. मुलगा वाढला तो आचऱ्याच्या मोठ्या गोतावळ्यात. दक्षिण कोकणातील घराची मांडणी आपल्याला वेगळी सांगावयास नको. चिऱ्याच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर, पावसाला अडविणारी खोल पडवी, मध्ये चौक. आपल्याकडे त्याच चौकाला राजांगण म्हणतात. या घरात सर्वांत महत्त्वाची जागा बहुधा खोली नसते. आत आणि बाहेर यांच्या मधली जी अर्धी उघडी, अर्धी झाकलेली जागा असते, तेथेच दिवसाचा मोठा भाग जातो. कानविंदे यांच्या पुढील कामाकडे पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे उपयोगाचे ठरते.

वडिलांप्रमाणे चित्रकलेची ओढ होतीच. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत ते गेले आणि तेथे वास्तुकलेकडे वळले. त्या विभागाची सूत्रे तेव्हा क्लॉड बॅटली या इंग्रज वास्तुकाराकडे होती. बॅटली हे विलक्षण शिक्षक. साम्राज्याच्या राजधानीत घुमट आणि स्तंभ उभारले जात असताना ते विद्यार्थ्यांना जुन्या देशी वास्तूंची मापे घ्यावयास लावीत. येथल्या हवामानातून, येथल्या साहित्यातून इमारत उगवली पाहिजे हा त्यांचा आग्रह असे. १९४२ मध्ये कानविंदे तेथून पदवी घेऊन बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी नव्याने स्थापन झालेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेत दाखल झाले. परिषदेचे प्रमुख शांतिस्वरूप भटनागर यांच्या मनात राष्ट्रीय प्रयोगशाळांची एक मालिका आकार घेत होती. पण प्रयोगशाळा कशी बांधतात हे जाणणारे वास्तुकार देशात होते कोठे? म्हणून १९४५ मध्ये, महायुद्ध संपता संपता, सरकारने या तरुणाला हार्वर्ड विद्यापीठात धाडले.

हार्वर्डमध्ये वास्तुकला विभागाचे प्रमुख होते वॉल्टर ग्रोपियस. जर्मनीत बाउहाउस ही कलाशाळा स्थापन करणारे, नाझी राजवटीमुळे देश सोडावा लागलेले हे गुरू. इतिहासातील शैलींची नक्कल करू नये, गरजेचे विश्लेषण करावे आणि त्यातून रूप शोधावे, अशी त्यांची शिकवण होती. आय. एम. पेई आणि पॉल रुडॉल्फ हे पुढे जगप्रसिद्ध झालेले वास्तुकार याच सुमारास तेथे विद्यार्थी होते. बॅटलींच्या शाळेतून आलेल्या मराठी तरुणाला हे सारे किती वेगळे वाटले असेल! एका गुरूने परंपरेची मापे घ्यावयास शिकविले होते, दुसरा परंपरेला बाजूस ठेवून कोऱ्या कागदावर विचार करावयास सांगत होता. या दोन शिकवणींतील ताण कानविंदे यांच्या आयुष्यभर पुरला, असे मला त्यांच्या इमारतींकडे पाहून वाटते.

येथे आणखी एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. ग्रोपियस आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी थोड्याच वर्षांत, १९५० मध्ये, हार्वर्डच्याच आवारात पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी सात वसतिगृहे आणि एक सामायिक भोजनगृह पूर्ण केले. भव्य कमानी नाहीत, मनोरे नाहीत. साध्या इमारती आणि त्यांना जोडणारे छताचे पादमार्ग. तोवर कानविंदे भारतात परतले होते. पण आधुनिक वास्तुकलेने विद्यार्थ्यांच्या निवासाला आपला गंभीर विषय मानले, तो काळ हाच.

१९४७ मध्ये ते परतले आणि परिषदेचे मुख्य वास्तुकार झाले. या पर्वातील त्यांचे गाजलेले काम अहमदाबादचे. कापडगिरण्यांच्या संशोधनसंस्थेची, अर्थात ‘अटीरा’ची इमारत १९५४ मध्ये उघडली. संस्थेच्या मागे विक्रम साराभाई यांची दृष्टी होती. सपाट छत, सरळ रेषा, अलंकाराचा लवलेश नाही. ल कॉर्ब्युझिए यांची अहमदाबादमधील कामे पूर्ण होण्याआधीच आधुनिकतेची ही भाषा एका भारतीयाने तेथे बोलून दाखविली होती, हे आपण सहसा विसरतो. तरीही ती भाषा पुरती आपली नव्हती. केंब्रिजच्या थंडीत ऊन हवेहवेसे असते. अहमदाबादच्या मे महिन्यात ते शत्रू असते. पुढील काळात कानविंदे यांच्या रचना जसजशा बदलत गेल्या, विटेचा पोत, खोल सावल्या, मोकळे चौक जसजसे त्यांत येऊ लागले, तसतशी ही जाणीव त्यांना आतून पोखरत असली पाहिजे हे दिसू लागते. स्वतःच्या यशस्वी पद्धतीवर शंका घेणे कोणत्याही कलावंताला कठीण जाते. सरकारी मुख्य वास्तुकाराला तर ते अधिकच कठीण.

१९५५ मध्ये त्यांनी सरकारी पद सोडले आणि शौकत राय यांच्यासह दिल्लीत स्वतःचे कार्यालय थाटले. १९५९ च्या मार्चमध्ये ललित कला अकादमीने दिल्लीत वास्तुकलेवर परिसंवाद भरविला. त्याची जुळवाजुळव आणि नंतरचे संपादन कानविंदे यांनी केले, उद्‌घाटन पंडित नेहरूंनी. नव्या राष्ट्राने जुन्या शैली मिरवाव्यात की नवे काही घडवावे, हा तेथला वादविषय. वर्ष संपण्याआधीच त्या वादाची कसोटी पाहणारे काम समोर आले.

डिसेंबर १९५९ मध्ये कानपूरची भारतीय तंत्रज्ञान संस्था सुरू झाली, ती दुसऱ्या एका संस्थेच्या उपाहारगृहाच्या इमारतीत! पहिल्या तुकडीत शंभर विद्यार्थी. संचालक होते पुरुषोत्तम काशिनाथ केळकर, म्हणजे पुन्हा मराठीच माणूस. मुंबईच्या संस्थेच्या उभारणीचा अनुभव गाठीशी घेऊन ते गंगाकाठी आले होते. शहराबाहेर, कल्याणपूरजवळ, ग्रँड ट्रंक रस्त्यालगत हजार एकरांहून थोडी अधिक जमीन मिळाली. केळकरांना हवी होती ती अभियंते तयार करणारा कारखाना नसलेली संस्था. विज्ञान, अभियांत्रिकी आणि मानव्यविद्या यांनी एकमेकांत मिसळावे, असा त्यांचा आग्रह. ही मिसळ अभ्यासक्रमात लिहिता येते. पण ती जमिनीवर कशी आखावी? हा प्रश्न कानविंदे यांच्याकडे आला.

त्या काळची सरकारी रीत सोपी होती. प्रत्येक विभागाला एक इमारत, प्रत्येक इमारतीपुढे गोलाकार हिरवळ आणि पोर्च, सर्वांत मोठी इमारत प्रशासनाची, दोन इमारतींमध्ये ऊन. कानविंदे यांनी ती मोडली. मध्यभागी ग्रंथालय आणि व्याख्यानगृहे आणली, म्हणजे जे कोणा एका विभागाचे नाही ते केंद्रात ठेवले. विभागांच्या इमारती त्याभोवती गुंफल्या आणि साऱ्यांना छताच्या पादमार्गांनी जोडले. हे मार्ग काही ठिकाणी दोन पातळ्यांवर जातात. खालून चालावे, वरून चालावे, कोठेही ऊन-पाऊस डोक्यावर न घेता पोचावे. मोटारी बाहेरच्या कडेने फिरतात. काँक्रीटची उघडी चौकट आणि तिच्यात भरलेली वीट, एवढेच साहित्य. कानपूरचा उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे, लू वाहते तेव्हा दुपारी रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या छताच्या वाटेचे मोल सांगावे लागत नाही. रसायनशास्त्राचा विद्यार्थी वर्गाकडे जाताना दुसऱ्या विभागाच्या दारावरून जातो, थांबतो, फलकावरची सूचना वाचतो. केळकरांना हवी असलेली मिसळ कोणत्या नियमाने झाली नसती, ती वाटेने सुरू केली. आचऱ्याच्या पडवीचा हा विस्तार आहे असे म्हटले तर ते कल्पनाविलास ठरेल काय? मला तसे वाटत नाही.

वसतिगृहांचा प्रश्न अधिक नाजूक होता. सतरा-अठरा वर्षांची मुले, अनेक जण घरापासून प्रथमच दूर, भाषा वेगळ्या, जेवण वेगळे. अभ्यासाचा ताण असा की हुशार मुलालाही आपण येथे कशाला आलो असे वाटावे. अशा मुलाला लांबलचक बराकीच्या मध्यभागी, दोन्ही बाजूंनी दारे असलेल्या अंधाऱ्या बोळात टाकले तर तो एक क्रमांक होऊन जातो. बांधकामखात्याला मात्र तीच रचना प्रिय असते, कारण ती स्वस्त पडते. कानपूरच्या जुन्या वसतिगृहांत खोल्यांच्या ओळी मोकळ्या चौकांभोवती आल्या आणि वर्गांपासून चालण्याच्या अंतरावर राहिल्या. एका ओळीतली मुले हाच पहिला शेजार. या संस्थांमधल्या मुलांच्या बोलीत त्याला ‘विंग’ म्हणतात, आणि पन्नाशी ओलांडलेले गृहस्थही आपल्या विंगमधल्या मित्रांची चौकशी गाववाल्यांसारखी करताना आढळतात. ओळ, चौक, भोजनगृह, वाट, ग्रंथालय अशी एकलेपणातून समूहाकडे जाणारी ही पायरी-पायरीची मांडणी आहे.

सारेच साधले असे नाही. उघडे काँक्रीट पावसात काळवंडते, उन्हात तापते आणि जवळून पाहता रुक्ष वाटते. काही कोपऱ्यांत शिस्त इतकी कडक आहे की डोळ्याला विसावा नको काय, असे मनात येते. त्याच दशकात लुई कान यांनी अहमदाबादेत व्यवस्थापन संस्थेची वसतिगृहे उभारली. विटांच्या प्रचंड वर्तुळाकार झरोक्यांची ती छायाचित्रे जगभर गेली. कानपूरची छायाचित्रे तशी गेली नाहीत. छताखालून चालण्याचे सुख छायाचित्रात उतरत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

या अनुभवातून १९६९ मध्ये एक ग्रंथ निघाला: ‘कॅम्पस डिझाइन इन इंडिया’. अमेरिकी सहकारी एच. जेम्स मिलर यांच्यासह कानविंदे यांनी तो लिहिला. विकसनशील देशात पैसा थोडा, विद्यार्थी वाढत जाणारे, आणि आज काढलेली भिंत दहा वर्षांनी आड येणार, तेव्हा विद्यापीठाचे आवार सुंदर चित्र म्हणून न आखता वाढणारी वस्ती म्हणून आखावे लागते, अशी त्यामागची भूमिका. त्या वेळी देशात कृषी विद्यापीठे उभी राहत होती. बंगळूरच्या कृषी विज्ञान विद्यापीठाचे काम कानविंदे यांच्याच कार्यालयाने केले. पुढे पुण्यात राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था आणि राष्ट्रीय विमा अकादमी झाल्या. कानपूरची ताठर रेघ या उत्तरकाळातील कामांत बरीच सैल झालेली दिसते. मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीत त्यांनी आतली उष्णता बाहेर नेणारे झोत छतावर मनोऱ्यांसारखे उभे केले. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र मुंबईकरांच्या परिचयाचे आहे. आणि अखेरीस, १९९८ मध्ये, दिल्लीचे इस्कॉन मंदिर! ग्रोपियस यांच्या शिष्याने शिखरे उभारावीत, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. रामेश्वराच्या गावच्या माणसाबद्दल तसे वाटण्याचे कारण नव्हते. १९७४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, भारतीय वास्तुकार संस्थेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

आपल्या राज्याला हा सारा इतिहास दूरचा वाटू नये. ताळगावच्या पठारावरील गोवा विद्यापीठाचे संकुल चित्रकार सतीश गुजराल यांच्या कल्पनेतून उतरले. तेथे घुमट आणि कमानी आहेत, पाहण्याजोगे पुष्कळ आहे, आणि दोन इमारतींमध्ये जून महिन्यात छत्री लागतेच. २०१६ पासून फर्मागुडीत दुसऱ्याच्या आवारात नांदणाऱ्या आपल्या आयआयटीसाठी जागेचा शोध सुरू झाला, तेव्हा शेळ-मेळावलीच्या ग्रामस्थांनी आपली शेती आणि वन राखण्यासाठी निकराचा विरोध केला आणि २०२१ च्या जानेवारीत सरकारला तेथून माघार घ्यावी लागली. एकरांची चर्चा भरपूर झाली. त्या एकरांवर इमारती किती पसराव्यात, किती जवळ आणाव्यात, किती जमीन मोकळी सोडावी, हा कानविंदे यांनी साठ वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न त्या चर्चेत फारसा ऐकू आला नाही. घट्ट विणलेल्या संकुलाला जमीन कमी लागते, एवढे तरी आल्तिनोवरील वास्तुकला महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनाही ठाऊक असते.

कानपूरची संस्था आता कितीतरी मोठी झाली आहे. नवी वसतिगृहे उंच झाली, जुन्या वाटांना नव्या इमारती येऊन भिडल्या. काही नीट, काही वेड्यावाकड्या. मधला छताचा मार्ग मात्र चालू आहे. २८ डिसेंबर २००२ रोजी कानविंदे यांचे निधन झाले. त्यांचे कार्यालय पुत्र संजय आणि सहकाऱ्यांनी पुढे चालविले. त्यांनी आवाराच्या मध्यभागी ठेवलेल्या ग्रंथालयाला आज पु. का. केळकर यांचे नाव आहे.