मत मागायला आलेले बॅरिस्टर नाथ पै

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढावयाचे ठरले, तेव्हा कार्यकारिणीतील भगिनींनी मला एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहावयास सांगितले. पाककृती, भरतकाम, बालसंगोपन हे विषय इतर जणींनी आधीच वाटून घेतले होते. मी फारसा विचार न करता कै. बॅरिस्टर नाथ पै यांचे नाव सांगितले. आपल्यांतील तरुण सुनांना हे नाव मालवणच्या सेवांगणामुळे ठाऊक आहे. परंतु हे गृहस्थ कोण होते, त्यांनी काय केले, असे विचारले तर पुष्कळजणी गप्प बसतात. त्यांचा तरी काय दोष? नाथ जाऊन पन्नासाहून अधिक वर्षे लोटली. मी काही विदुषी नव्हे. जे वाचले, ऐकले आणि लहानपणी डोळ्यांनी पाहिले, तेवढेच येथे मांडते.

नाथांचे पूर्ण नाव पंढरीनाथ बापू पै. जन्म २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ले येथे झाला. शिक्षण बेळगावात आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात झाले. १९४२ च्या चळवळीत त्यांनी उडी घेतली आणि तुरुंगवास भोगला. नंतर विलायतेस जाऊन ते बॅरिस्टर झाले. तेथे समाजवादी तरुणांच्या जागतिक संघटनेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्यांच्या पत्नी क्रिस्टल या मूळच्या ऑस्ट्रियातील. एवढे जग पाहिलेला, अनेक भाषा जाणणारा बॅरिस्टर. त्याला मुंबईत वकिली करून सुखाने राहता आले असते. पण १९५७ साली तो राजापूर मतदारसंघातून लोकसभेला उभा राहिला आणि आपल्या लाल मातीत मते मागत फिरू लागला.

त्या वेळचे आपले कोकण कसे होते, हे आजच्या मुलींना सांगितल्याशिवाय यातील कष्ट कळावयाचे नाहीत. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा नव्हता. तो १ मे १९८१ रोजी झाला. सारा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात मोडे. रेल्वे नव्हती. मुंबईहून माणसे आगबोटीने येत आणि पावसाळा लागला की बोट बंद. खाड्यांवर पूल थोडे. होडीतून पलीकडे जायचे आणि पुढे पायी चालायचे. घरचे पुरुष मुंबईस, कोणी गिरणीत, कोणी गोदीत. घर चाले ते महिन्याच्या मनिऑर्डरीवर. १९६१ च्या खानेसुमारीत या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे बाराशेहून अधिक बायका निघाल्या, यावरून काय ते समजा. भात लावणाऱ्या बायका, गुरे राखणाऱ्या बायका, म्हातारा सासरा सांभाळणाऱ्या बायका. जो कोणी येथे मते मागावयास येईल त्याला आमच्याच दारी यावे लागे.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. आमचे गाव मालवणपासून खाडीपलीकडे. एके रात्री देवळासमोर सभा झाली. पेट्रोमॅक्सच्या बत्त्या टांगल्या होत्या. बायका मागे अंधारात, डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. नाथांचे भाषण मला काय कळणार? संयुक्त महाराष्ट्र हे शब्द तेवढे पुन्हा पुन्हा कानी पडले, कारण मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक पत्रात तेच असे. एक मात्र पक्के स्मरते. माझी आई कधी कोणत्या सभेला थांबत नसे. भाकऱ्या थापायच्या राहिल्या म्हणून उठून जाई. त्या रात्री ती शेवटपर्यंत बसून राहिली.

आमच्यावर तेव्हा एक संकट होते. आम्ही कुळे. कूळकायद्याप्रमाणे १ एप्रिल १९५७ हा दिवस कृषकदिन ठरला होता. त्या दिवसापासून कसणाऱ्या कुळाला जमिनीची मालकी मिळावयाची होती. निवडणूक आली त्याच्या तोंडावर. जमीनमालकाचा माणूस घरी येऊन बसला आणि मत कोणाला द्यायचे ते आईला सांगून गेला. सांगितल्याप्रमाणे झाले नाही तर कूळ म्हणून तुमची नोंद कागदावर आहे की नाही ते बघून घेऊ, असेही जाता जाता म्हणाला. वडील मुंबईस. घरात आई, आजी आणि आम्ही तीन मुले.

तेव्हाच्या मतदानाची रीत आजच्यासारखी नव्हती. शिक्का मारणे नव्हते, यंत्र तर नव्हतेच. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे आणि तिच्यावर त्याची निशाणी चिकटवलेली असे. पडद्याआड जायचे आणि आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. नाथांच्या प्रजासमाजवादी पक्षाची निशाणी झोपडी. चिठ्ठी कोणत्या पेटीत पडली ते पडद्याबाहेर कळते, अशी आवई त्या माणसानेच उठवली होती, आणि पुष्कळ बायका घाबरल्या होत्या.

मतदानाच्या दिवशी आई मला घेऊन शाळेत गेली. तेथील अधिकाऱ्याने यादीतून तिचे नाव मोठ्याने वाचले. लग्न झाल्यापासून गावात तिला कोणी नावाने हाक मारलेली मी ऐकली नव्हती; ती अमक्याची सून नाहीतर माझी आई. क्षणभर ती कोणाचे नाव घेतले म्हणून बघतच राहिली. मोठेपणी वाचनात आले, की १९५१–५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशात सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गळली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता कोणाची बायको, कोणाची मुलगी एवढेच सांगितले होते. ते वाचताना मला शाळेतली ती आई आठवली.

ती पडद्याआड गेली आणि लगेच बाहेर आली. बोटाला शाई होती. कोणाला मत दिले ते तिने आजीला सांगितले नाही, वडिलांना पत्रात कळवले नाही, आणि मालकाचा माणूस विचारावयास आला तेव्हा चिठ्ठी पडायची तेथे पडली, एवढेच म्हणाली. पुढे मी किती वेळा विचारले, तरी ती हसे आणि विषय बदली. जमिनीचा निकाल बऱ्याच वर्षांनी आमच्या बाजूने लागला. त्या मतामुळे लागला असे मी म्हणत नाही; पण निकाल लागेपर्यंत दरवर्षी नांगर धरताना आई घाबरलेली असे, हे मी पाहिले आहे.

नाथ निवडून आले. १९६२ आणि १९६७ या दोन्ही निवडणुकांत येथील लोकांनी त्यांनाच पुन्हा दिल्लीस पाठवले. लोकसभेत ते बोलावयास उभे राहिले म्हणजे विरुद्ध बाकांवरील मंडळीही कान देऊन ऐकत, अशी त्यांची ख्याती होती. कोकणाला रेल्वे हवी, हा आग्रह त्यांनी तेथे सातत्याने धरला. गोव्याच्या मुक्तीसाठी आणि सीमाभागातील मराठी माणसांसाठी ते झटले. १९६७ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात निर्णय दिला, की मूलभूत हक्कांना संसदेने हात लावता कामा नये. तेव्हा घटनादुरुस्तीचा अधिकार लोकांनी निवडलेल्या संसदेकडे असावा यासाठी नाथांनी स्वतःचे विधेयक मांडले. ते त्यांच्या हयातीत मंजूर झाले नाही. पण १९७१ साली चोविसावी घटनादुरुस्ती झाली ती त्याच दिशेने. या विषयात थोरामोठ्यांची मते निरनिराळी आहेत. मला त्यात एवढेच दिसते, की ज्या माणसाने खाड्या ओलांडून एकेक मत मागितले, त्याला त्या मताने भरलेल्या सभागृहाची किंमत अधिक वाटली असावी.

डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा बरखास्त झाली आणि नव्या निवडणुकीचे वारे वाहू लागले. मी तोपर्यंत २१ वर्षांची झाले होते. तेव्हा मताचा अधिकार २१ व्या वर्षी मिळे. यादीत माझे नाव आले होते आणि पहिले मत झोपडीला द्यायचे हे मी मनाशी ठरवून टाकले होते. १७ जानेवारी हा बेळगावचा हुतात्मा दिन. १९७१ साली त्या दिवशी नाथ बेळगावात सभेत बोलले आणि त्याच रात्री, १८ जानेवारी उजाडता उजाडता, हृदयविकाराने गेले. वय अवघे ४८. ज्या गावात शिकले तेथेच देह ठेवला. आमच्याकडे बातमी आली तेव्हा आई जात्यावर होती. ती उठली, हात धुतले, आणि दिवसभर कोणाशी बोलली नाही. चौदा वर्षे जे विचारत होते त्याचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले असे मी समजते.

त्यांच्या जागी प्रा. मधु दंडवते उभे राहिले. जन्म अहमदनगरचा, राहणे मुंबईस. इकडच्या लोकांना ते नवखे. त्या वर्षी इंदिराजींच्या लाटेत भलेभले वाहून गेले आणि प्रजासमाजवादी पक्षाच्या देशभरात अवघ्या २ जागा आल्या. त्यांतली एक आपली होती. माझे पहिले मत त्या एका जागेत आहे. दंडवते पुढे १९९१ पर्यंत आपले खासदार होते, १९७७ साली रेल्वेमंत्रीही झाले. नाथांनी मागितलेली कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर सुरू झाली. आई तेव्हा थकली होती. नातवाने तिला कुडाळ स्टेशनावर नुसती गाडी दाखवावयास नेले.

भगिनींनो, निवडणुका आल्या की आजही उमेदवार आपल्या मंडळात हळदीकुंकवाला येतात, वाण वाटतात, फोटो काढतात. वाण घेऊ नका असे सांगणारी मी कोण? पण त्यांना बसवून घ्या आणि आपल्या गावच्या शाळेचे, दवाखान्याचे, मुंबईस जाणाऱ्या पोरांचे काय करणार ते विचारा. भाकऱ्या थापायच्या राहिल्या तरी उत्तर पुरते ऐका. मग मत कोणाला द्यायचे ते आपले आपण ठरवा, आणि वाटल्यास माझ्या आईसारखे कोणालाही सांगू नका.